वस्तुमहालाची मोहीम व परातीच्या बुडाची हकीकत

श्री. ज्या गजवदनाने आपले एवढे थोर उदर उंदराच्या पाठीवर बिनतक्रार तोलून दाखविले त्यास पहिले नमन, ज्या शारदेच्या वीणेची तार अद्याप तुटली नाही तीस दुसरे, आणि तिसरे नमन वाचणारास, जो पान उलटण्याचे श्रम घेईल. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य द्वितीयेपासून एका राज्यात जे वर्तले त्याची हकीकत ऐसी जे. राज्याचे नाव लिहू नये ऐसी तेथील लोकांचीच विनंती पडली, कारण हकीकतीत भांडी बहुत आहेत आणि ज्याची त्यास ओळखू येतील, सबब राज्य म्हणावे इतुकेच. त्या राज्याच्या पश्चिम तोंडास जुना जकात नाका होता, आणि जकात उठल्यावर नाका रिकामा पडला, मग कोणे एके काळी कोणा शहाण्याच्या मनात आले की येथे राज्याच्या पूर्वजांच्या वस्तू मांडाव्या, आणि तैशा मांडल्या, आणि त्यास लोक वस्तुमहाल म्हणो लागले. वस्तुमहालात तीन तरवारी होत्या, एक तोफ होती, सात वीरगळ होते, नाण्यांची एक पेटी, नथींची एक पेटी, आणि इनामदारांच्या पडक्या महालातून आलेले काही सामानसुमान, मिळून एकसष्ट वस्तू. त्यावर संग्रहपाल भालचंद्रपंत खरवंडीकर हे नेमलेले. पंत वयाने बावन्न, अंगाने बारीक, विद्येने जड. प्रत्येक वस्तूखाली त्यांनी स्वहस्ते चिठ्ठी लिहिली होती, ती ‘प्रस्तुत यादवोत्तरकालीन’ येथून सुरू होई आणि पाहणारा दुसऱ्या शब्दावरच बाहेर पडे. आणि ‘हात लावू नये’ ऐसे फलक त्यांनी छापून आणविले, ते छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे शंभराच्या खाली मिळत नव्हते, म्हणोन एकसष्ट वस्तूंस लावून एकोणचाळीस उरले, ते मग भिंतीस, खिडकीस, पाण्याच्या माठास लाविले, आणि एक दाराशी खिळ्यास टांगला, त्याच्या बरोबर खाली द्वारपाल रंगनाथ ढेपे हे खुर्ची टाकून निद्रा करीत. सतरा वर्षांत ढेपे यांस कोणी हात लाविला नाही.

ऐसा सुखाचा कारभार चालला असता, वर लिहिले मितीस नगराध्यक्षा अक्कासाहेब वाघचौरे यांची स्वारी अचानक वस्तुमहाली आली. राज्याचा सर्व अधिकार अक्कासाहेबांचे हाती. त्यांनी आत येऊन भिंतीकडे पाहिले, छताकडे पाहिले, लांबीरुंदी पावलांनी मोजली, वस्तूंकडे मात्र पाहिले नाही, आणि मग पंतांस विचारिले, “पंत, वर्षभरात किती माणसं आली हो इथं?” पंत बोलिले, “सत्त्याहत्तर.” “आणि काय बघून गेली?” पंतांस खोटे बोलण्याची विद्या नव्हती. ते बोलिले, “अकरा जण शौचालय कुठंय ते विचारायला आले होते. नऊ जण सावलीला बसले. पाच ट्रकवाल्यांना जकात भरायची होती, ती उठून पंचवीस वर्षं झाली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.” “बरं, हे पंचवीस झाले. राहिलेली बावन्न?” “त्या एकच आहेत. हिराक्का लोखंडे. दर बाजारच्या दिवशी येतात.” अक्कासाहेबांनी आज्ञा केली ती येणेप्रमाणे: “माझी डासांची दोन धूरयंत्रं उघड्यावर गंजतायत, आणि इथं एका म्हातारीसाठी चार खोल्या अडवून ठेवल्यात. पौष अमावास्येपर्यंत या वहीत हजार माणसांच्या सह्या दाखवा. वेगवेगळ्या हजार. हिराक्कांची एकच धरायची, आणि ढेप्यांनी डाव्या हातानं केलेल्या धरायच्या नाहीत. नाहीतर इथं धूरयंत्रं राहतील, हे दगड पाण्याच्या टाकीखाली जातील, आणि तुम्ही मोकाट जनावरांच्या खात्यात.” हे शब्द ऐकताच पंतांचे पायाखालची फरशी हालली. लहानपणी एका वळूने पंतांस दोन गल्ल्या आणि एक चौक पळविले होते, तेव्हापासोन ते गाईसही मान लववून वाट देत. आणि त्याहून थोर दुःख हे की, त्या एकसष्ट वस्तूंवाचून त्यांस दुसरे गणगोत फारसे नव्हते. ढेपे यांनी मात्र समाधान केले, “पंत, अडीच महिने आहेत. तोवर कायतरी होतंय. नाहीतर मी आहेच की सोबत, जनावरं मी धरतो, तुम्ही पावत्या फाडा.”

मग पंतांनी मसलत केली, आणि पहिली मोहीम काढली. लोकांस निर्जीव तरवार रुचत नाही, तरी तरवारीस सरदार जोडावा, ऐसे मनात आणून पेठेतील साडीच्या दुकानी गेले आणि एक पुतळा मागून आणिला. पुतळा स्त्रीचा होता. पंत म्हणाले, शूरास काय, अंगरखा घातला की झाले. मग त्यास अंगरखा घातला, मंदिल बांधिला, कमरेस शेला आवळला, आणि न्हाव्याकडून केस आणोन मिशा डकविल्या. परंतु पुतळ्याचा एक हात खांद्यावरचा पदर सावरीत होता आणि दुसरा पुढे काठ दाखवीत होता, ते काही फिरेनात, म्हणोन तरवार त्या काठ दाखविणाऱ्या दोन बोटांत अडकविली. आणि मुखावर जे मंद हास्य होते ते तैसेच राहिले. राज्यात बोभाटा जाहला की नाक्यावर लाजणारे सरदार आले आहेत, आणि शेहेचाळीस माणसे पाहावयास आली, पैकी बायकांनी शेला चिमटीत धरून भाव विचारिला. ढेपे म्हणाले, “सरदार विकायचे नाहीत.” एक बाई म्हणाली, “सरदार ठेवा तुम्हाला, शेला किती वाराचा आहे?” तिसरे दिवशी दिव्याच्या धगीने डिंक सुटून अर्धी मिशी गळाली, आणि पंतांनी सरदारांस पाठ करून उभे केले.

दुसरी मोहीम बोलक्या पेटीची. पाहणारा वस्तूसमोर उभा राहिला की पेटीने आपोआप हकीकत सांगावी, ऐशी पेटी पंतांनी पदरचे खर्चून आणविली. त्यात आवाज ढेपे यांच्या मेहुण्यांचा, जे जत्रेत हरवलेल्या माणसांची नावे पुकारीत, आणि आवाज ऐसा की हरवलेला माणूस दोन कोसांवरून परत येई. मजकूर उत्तम होता, परंतु बसविते समयी अनुक्रमात अदलाबदल जाहली. मग तोफेपुढे उभे राहिल्यास पेटी गर्जे, “ही वस्तू थोरामोठ्यांच्या स्त्रिया सणावारी नाकात घालीत.” आणि नथीपुढे उभे राहिल्यास, “ही उडविण्यास आठ माणसे लागत, आणि एकदा उडाली म्हणजे गार व्हावयास अर्धा तास.” पंतांनी आवाज कमी करावयाची कळ शोधिली, ती सापडली नाही. इतक्यात एका मास्तरांनी चाळीस मुले आणिली, मुलांनी ऐकिले ते वहीत उतरविले, आणि पुढे परीक्षेत तोफ स्त्रिया नाकात घालीत ऐसे चाळीस उत्तरपत्रिकांत आले. मास्तरांनी पूर्ण गुण दिले, कारण सर्वांचे उत्तर एक होते. ऐसे करिता करिता मार्गशीर्ष उजाडला, वहीत सह्या एकशे तेवीस, आणि अक्कासाहेबांचा माणूस येऊन धूरयंत्रे दारातून आत जातील की नाही याचे माप घेऊन गेला.

ते आठवड्यात बाजारचे दिवशी हिराक्का लोखंडे नेहमीप्रमाणे आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगी नऊवारी, हाती पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. त्या कोठेही न पाहता थेट शेवटच्या खोलीत गेल्या आणि तांब्याच्या एका मोठ्या हंड्यापुढे उभ्या राहिल्या. हंड्याखाली पंतांची चिठ्ठी होती, ‘प्रस्तुत ताम्रघट इनामदार महालातून प्राप्त, अंदाजे अठरावे शतक’. पंतांनी इतकी वर्षे या बाईंस विचारिले नव्हते की आपण काय पाहता, कारण विचारिले तर कदाचित येणे बंद होईल आणि बावन्न सह्या जातील ही भीती. आता जायचे ते जाणारच होते, म्हणोन जवळ गेले आणि बोलिले, “आजी, तुम्हाला इतिहासाची आवड दिसते.” हिराक्का म्हणाल्या, “कशाची?” पंत म्हणाले, “नाही, हा हंडा तुम्ही दर आठवड्याला पाहता. अठराव्या शतकातला आहे.” हिराक्कांनी त्यांजकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “माझा हाय त्यो.” पंत हसले. हिराक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, “फिरवून बघा की. नाव भितीकडं केलंया तुमी.” पंत फलकाकडे पाहो लागले. हात लावू नये ही आज्ञा त्यांनीच केलेली, आणि सतरा वर्षांत त्यांनीही ती मोडिली नव्हती. मग देवाचे नाव घेतले, दोही हातांनी हंडा धरिला आणि फिरविला, तो खांद्यावर टोचून टोचून कोरलेली अक्षरे दिसली: ‘चि. सौ. कां. हिरा हिस लग्नात मामाकडून आहेर, १९६४’. पंत मटकन खाली बसले, तेथे वीरगळ होता, त्यावर बसले. हिराक्का म्हणाल्या, “इनामदाराच्या घरी लगीन हुतं. पाण्याला हंडे कमी पडले म्हनून त्येंचा गडी आला नि घेऊन गेला. चार दिसांत देतो म्हनला.” पंत म्हणाले, “मग?” “मग काय. मोठ्या घरी मागायचं कसं. सासू म्हनली, राहू दे, देतील. मग सासू गेली, इनामदार गेलं, महाल पडला. एकदा हिकडं सावलीला आले तर ह्यो हितं, खाली पाटी, वर दिवा. म्हनलं बरं हाय, बघायला तरी गावतोय.” आणि पिशवी उचलून, वहीत सही करून गेल्या.

तो दिवस पंतांस अन्न गोड लागले नाही. घरी पाटावर बसले आणि समोरचा पाण्याचा तांब्या सहज उचलून उलटा केला, तो बुडास कोरले होते: ‘चि. दिनकर गोडबोले याचे मौंजीनिमित्त’. पंत म्हणाले, “हे काय?” त्यांचे कुटुंब सुमित्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “सरळ ठेवा तो. गोडबोले शेजारीच राहतात.” “अहो, पण आपल्याकडे कसा?” “त्यांच्या दिनूच्या मुंजीत बदलला. आपला मोठा तांब्या त्यांच्याकडे गेलाय. मी काही बोलले का? नाही. त्या काही बोलल्या का? नाही. तीस वर्षं शेजार टिकलाय तो असाच.” हे ऐकोन पंतांचे डोळे उघडले. चित्ती आले की, राज्यात तरवार एका घरी असेल नसेल, परंतु नाव घातलेले भांडे घरोघरी आहे, आणि प्रत्येक भांड्यावर कोणी कोणास कधी काय दिले हे लिहिलेले आहे, याहून खरी बखर कोणती. मग त्यांनी तिसरी मोहीम मांडली ती ऐसी: ज्याने त्याने घरातील नाव घातलेले एक भांडे आणावे, त्याची गोष्ट सांगावी, आणि ती सर्व भांडी पौषात वस्तुमहालात मांडावी. चिठ्ठीत ‘प्रस्तुत’ हा शब्द घालावयाचा नाही, सांगणारा सांगेल तैसेच लिहावे. ढेपे म्हणाले, “पण घरोघरी सांगणार कोण?” पंत विचारात पडले, आणि मग सुचले की राज्यातील प्रत्येक दारासमोर रोज सकाळी जाणारे आणि ज्याचा आवाज ऐकोन प्रत्येक गृहिणी धावत बाहेर येते ऐसे एकच वाहन आहे, ते म्हणजे कचऱ्याची घंटागाडी.

घंटागाडीवर पंतांनी स्वतःच्या आवाजात पुकारा भरविला. परंतु आधीचा पुकारा पुसावयाचा राहिला, तेव्हा गाडी गल्लोगल्ली गर्जत गेली की, “ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा द्यावा. आपल्या घरातील नाव घातलेले जुने भांडे द्यावे.” पहिल्या गल्लीत लोकांनी दोही आज्ञा एकदम पाळिल्या, आणि सात पातेली, दोन गडवे व एक पितळी डबा सुक्या कचऱ्यात पडला, आणि एक कळशी, आतील शिळ्या आमटीसहित, ओल्या कचऱ्यात पडली. हे कळताच पंत धोतराचा काचा मारून चालत्या गाडीत चढले आणि कमरेइतक्या कचऱ्यात उभे राहून भांडी शोधो लागले. तेथे उभ्याउभ्याच त्यांनी प्रत्येक दारी समजावून सांगितले, “वहिनी, टाकायला नाही, मांडायला मागतोय. गोष्ट सांगा आणि पंधरा दिवसांनी परत न्या.” राज्याने आजवर विद्वान पुष्कळ ऐकिले होते, परंतु कचऱ्यात उभे राहोन बोलणारा पाहिला नव्हता, त्यामुळे सर्वांस त्यांचे बोलणे खरे वाटले. मग भांडी येऊ लागली ती दारात मावेनात. हंडे आले, कळश्या आल्या, घंगाळे आली, तांबे, गडवे, फुलपात्रे, पराती आल्या, मिळून तीनशे बारा, आणि प्रत्येकासवे एक गोष्ट आली, ती पंत कान देऊन लिहून घेत. एक आजोबा म्हणाले, “या घंगाळात मला आंघोळ घालायचे, मी घाबरायचो.” इतकेच म्हणाले आणि नाक शिंकरून गेले. अक्कासाहेबांसही मागे राहणे शोभेना. त्यांजकडून टेम्पोत घालून, वर झेंडूची माळ घालून, चौघांनी उचलावी ऐसी थोरली पितळी परात आली, सोबत निरोप की, वाघचौरे घराण्याची पिढीजात परात, दर्शनी मांडावी. पंतांनी हर्षाने ती दारासमोर मांडण्याचे ठरविले.

येथे घोटाळा जाहला. भांड्यांच्या मालकांची नावे राहावी म्हणोन ढेपे यांनी प्रत्येकास कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली होती, कोणाचे घर, कोणती गल्ली, सर्व वळणदार अक्षरांत. भांडी मात्र काळी पडली होती, सबब मांडण्याचे आदले दिवशी पंतांनी आज्ञा केली की चिंच व राख लावून सर्व लखलखीत करावी. ढेपे आज्ञाधारक. चिठ्ठ्या भिजून अक्षरे जातील म्हणोन त्यांनी तीनशे बारा चिठ्ठ्या जपून सोडिल्या, आणि हरवू नयेत म्हणोन सर्व एकत्र हिराक्कांच्या हंड्यात घातल्या. संध्याकाळी भांडी सोन्यासारखी लकाकू लागली, आणि पंतांनी विचारिले, “चिठ्ठ्या कुठे आहेत?” ढेपे अभिमानाने हंडा दाखविते जाहले. “एक पण भिजली नाही,” म्हणाले. पंत हंड्यात डोकावले आणि पुष्कळ वेळ डोके बाहेर काढिले नाही. मग काढिले तेव्हा शांत होते. म्हणाले, “असू दे. भांड्यावर नाव कोरलेलं आहेच की. ज्याचं नाव, त्याचं भांडं.” आणि दोघांनी राख पुसून, चष्मा लावून, कोरलेल्या नावाप्रमाणे भांडी गल्लीवार लाविली, आणि प्रत्येकापुढे घराण्याच्या नावाची मोठी पाटी ठेविली. परात फार जड, ती उलटण्यास चार माणसे मिळेनात, म्हणोन ‘वाघचौरे’ ऐसीच पाटी लावून ठेविली. दोघेही समाधानाने घरी गेले. कोणाच्याही ध्यानी आले नाही की, काळे पडलेले होते तोवर झाकलेले होते.

दुसरे दिवशी दार उघडले, आणि पहिल्या घटकेतच एक बाई ओरडली, “अगं बाई, ही माझी कळशी.” मग दुसरी म्हणाली, “आणि माझं घंगाळ लिमयांच्या पाटीखाली का?” लिमये म्हणाले, “त्यावर आमच्या आत्याचं नाव आहे, वाचा.” त्या म्हणाल्या, “वाचते की. एकोणीसशे एकाहत्तर सालापासून आमच्याकडे आहे, आजच वाचते.” मग राज्यात वणवा पेटल्यागत खबर पसरली. लग्नात बदललेली, मुंजीत राहिलेली, आजारपणात लापशी घालून पाठविलेली आणि रिकामी परत न आलेली, बारशाला उसनी नेलेली, ऐसी तीनशे बारांपैकी एकशे ऐंशी भांडी दुसऱ्याची निघाली. गोडबोलेकाकूंनी पंतांकडून आलेला दिनूच्या मुंजीचा तांब्या ओळखला आणि सुमित्राबाईंनी गोडबोल्यांकडून आलेला आपला मोठा, आणि दोघी एकमेकींकडे न पाहता म्हणाल्या, “हं.” आणि प्रत्येक मालकास साक्षीदार हवे, म्हणोन ते आपल्या आत्या आणिते जाहले, चुलत्या आणिते जाहले, एकाने नव्वद वर्षांची करवली खाटेवर घालोन आणिली, जी पंगतीत वाढावयास होती आणि जीस कोणते पातेले कोणाचे हे सर्व मुखोद्गत. आत शिरणाऱ्या प्रत्येकाकडून ढेपे वहीत सही घेत, “भांडण आत. आधी सही.” पाचवे दिवशी हजारावी सही जाहली, ती कोणाची हे पाहण्यासही कोणास सवड नव्हती. आणि नवल ऐसे की, भांडावयास आलेली माणसे जात ना. कळशी सापडली की कळशी देणारी मावशी आठवे, मावशी आठवली की तिच्या लग्नातील जिलबी आठवे, मग जिचेकडे कळशी राहिली तीही म्हणे, “जिलबी मीच वाढत होते,” आणि दोघी खाली मांडी घालून बसत. ढेपे यांनी खुर्ची बायकांस दिली आणि आपण उभे राहोन जागे राहो लागले.

परंतु पौष अमावास्येस अक्कासाहेबांची स्वारी आली ती फौजफाट्यासह, मागे दोन धूरयंत्रे. मुद्रा कठोर. म्हणाल्या, “पंत, हजार सह्या झाल्या हे ऐकलं. पण माझ्या राज्यात शेजारीशेजारी भांडायला लागलेत. कालच्या दिवसात माझ्या दारी चौदा तक्रारी आल्या. हे संग्रहालय नाही, हा तंटाबखेडा आहे. बंद करा.” पंत म्हणाले, “अक्कासाहेब, सतरा वर्षांत इथं कोणी भांडलं नव्हतं, कारण कोणी आलंच नव्हतं.” अक्कासाहेबांनी माणसांस खूण केली की आधी आपली परात उचला. चौघे वाकले, परात उभी केली, आणि बूड लोकांकडे जाहले. ते बूड न उलटल्यामुळे काळेच राहिले होते, तरी त्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत स्पष्ट कोरले होते: ‘सौ. इंदिरा धुमाळ’. सर्वांच्या माना एकदम गर्दीत बापूसाहेबांकडे वळल्या. कारण इंदिराबाई या बापूसाहेब धुमाळांच्या मातोश्री, आणि बापूसाहेब म्हणजे तीन निवडणुकांत अक्कासाहेबांसमोर उभे राहून पडलेले, ते गर्दीत मातोश्रींचे पातेले शोधावयास आलेच होते. सर्वांस वाटले आता रणकंदन होते. बापूसाहेब पुढे आले, परातीवरून हात फिरविला, आणि हळूच म्हणाले, “वहिनी, ही तुमच्या लग्नात नेली होती. जिलबीच्या पाकाला. मीच एका बाजूनं धरून पोचवली, सोळा वर्षांचा होतो.” अक्कासाहेब म्हणाल्या, “मग मागितली का नाही?” बापूसाहेब म्हणाले, “आई म्हणाली, नवी नवरी आहे, लगेच मागणं बरं दिसत नाही. मग तुम्ही राजकारणात आलात. मग तर मागणं अजिबातच बरं दिसेना.” कोणी तरी मागे फसकन हसले. अक्कासाहेबांच्या ओठांचा कोपरा हालला, तो त्यांनी पदराने झाकिला, परंतु पदरासही हसू आवरेना.

मग अक्कासाहेबांनी क्षणभर विचार केला. परात नेली तर दुसऱ्याची नेली होते, दिली तर तीस वर्षे दुसऱ्याच्या परातीत लाडू वळले हे कबूल होते, आणि वस्तुमहाल बंद केला तर परातीमुळे केला ऐसे राज्य म्हणेल. ऐसे तिन्ही बाजूंनी अडकल्यावर जे शहाणपण सुचते ते त्यांस सुचले, आणि त्यांनी आज्ञा केली: “ज्या भांड्याला दोन मालक आहेत ते कोणाच्याही घरी जाणार नाही. ते इथंच राहील, पाटीवर दोघांची नावं. ज्याला बघायचंय त्यानं इथं येऊन बघायचं. आमच्या परातीपासून सुरुवात करा.” लोकांस हे बहुत मानवले, कारण कोणास परत द्यावे लागले नाही आणि कोणास परत मागावे लागले नाही. धूरयंत्रे आल्या वाटेने मागे फिरली. ती सध्या अक्कासाहेबांच्या परसात असून त्यांचे घरी डास नाहीत.

राहिला हिराक्कांचा हंडा. त्यास दुसरा मालक उरला नव्हता. पंतांनी हंड्यातील चिठ्ठ्या काढिल्या, हंडा पुसला, आणि बाजारचे दिवशी स्वतः खांद्यावर घेऊन हिराक्कांच्या दारी गेले. वाटेत एक वळू उभा होता, पंतांनी त्यास हंडा दाखविला आणि तो बाजूस जाहला. हिराक्कांनी हंडा पाहिला, उंबऱ्यात ठेवून घेतला, अक्षरांवर बोट फिरविले, आणि म्हणाल्या, “बसा, च्या घेता?” पुढील बाजारचे दिवशी वस्तुमहालाचे दार उघडते तो हिराक्का हंडा घेऊन हजर, एका रिक्षावाल्यास धाक दाखवून आणविला होता. पंत घाबरले, म्हणाले, “काय झालं आजी?” हिराक्का म्हणाल्या, “घरात एकलीच हाय मी. दोन तांबे पानी लागतंय मला, एवढ्या हंड्यात कुनासाठी भरू? हितं ठेवा, दारात. येनाऱ्याला पानी लागतंय. पर ती पाटी बदला. त्यात माझा मामा न्हाई कुटं.” पंतांनी तेथेच कागद काढिला. हिराक्का सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले, आणि ढेपे यांनी हंडा धुवून पाणी भरिले. मग पंतांनी खिळ्यावरचा फलक काढिला, पाठ कोरी होती, तीवर लिहिले: ‘हात लावावा. पाणी प्यावे. भांडे उलटे करून पाहावे.’ तो फलक हंड्यावर लाविला, आणि बाकीचे नव्व्याण्णव ढेपे यांनी पावसाळ्याचे आधी छपरास लाविले, गळत नाही. पाठमोऱ्या सरदारांस फिरवून इरकल नेसविली, हाती कळशी दिली. त्यांचा पदर आता जागी आहे, मिशीची खूण थोडी दिसते, परंतु पाहणारे म्हणतात की आमची आत्या हुबेहूब अशीच होती.

ऐसी ही हकीकत. संग्रहपाल आपल्या जागी राहिले, द्वारपाल जागे राहिले, नगराध्यक्षा पुन्हा निवडणुकीस उभ्या राहणार आहेत, आणि बापूसाहेबही, आणि परात दोघांच्या नावाने दारात लखलखते आहे. बोलकी पेटी मात्र दुरुस्त केली नाही, लोकांची तैशी मागणी नाही. जे घडले ते लिहिले, जे लिहिले ते पंतांस वाचून दाखविले, त्यांनी एक ‘प्रस्तुत’ घालावा म्हटले, घातला नाही. वाचणाराचे कल्याण असो. त्याने हे पुस्तक मिटून आधी आपल्या घरची परात उलटी करून पाहावी, आणि नाव दुसऱ्याचे निघाल्यास सरळ ठेवून द्यावी, किंवा घेऊन यावे. दार उघडे आहे, पाणी भरलेले आहे.